बाजारातला चांद आणि गच्चीवरचा चांद

रमजानचे पहिले चार-पाच रोजे झाले की तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेत एक बदल ठळक दिसू लागतो. खजूर, शेवया, टोप्या आणि अत्तराच्या हातगाड्यांच्या बरोबरीने आता सजावटीच्या सामानाचीही दुकाने लागतात. सोनेरी प्लास्टिकचे चांदतारे, चमकीच्या झालरी, उंट आणि वाळवंट छापलेले पडदे, बटण दाबले की रंग बदलणारे कंदील. मुले बापाचे बोट ओढत तिथे थांबतात. शेजारच्या घरी आले, मग आपल्याकडे का नाही, हा प्रश्न रोजा सोडण्याआधीच घरात पोहोचलेला असतो.

गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो. त्यावर ‘रमजान मुबारक’ ही अक्षरे लहान आणि शुभेच्छुकांचे चेहरे मोठे असतात. मुबारकबाद रोजेदाराला आहे की येत्या निवडणुकीला, असा प्रश्न पडावा. विकतची झालर आणि फुकटचा फ्लेक्स यांत एक गोष्ट मात्र समान असते. त्या घरातल्या, त्या गल्लीतल्या कुणाचाही हात त्यांना लागलेला नसतो.

सण सजवू नये असे कुणी म्हणणार नाही. दिवसभर अन्नपाण्यावाचून राहिलेल्या घरात संध्याकाळी चार रंग दिसले तर मुलांना या महिन्याचे अप्रूप वाटते, म्हातारी माणसेही सुखावतात. प्रश्न एवढाच की ही सजावट कुठून यावी आणि कशाची असावी. घरात आणि गावात पडून असलेल्या वस्तूंतून, हाताने केलेली स्वस्त सजावट ही पैसे नाहीत म्हणून पत्करायची तडजोड नाही. रमजानच्या शिस्तीला तीच अधिक शोभते. आणि जिथे मशीद, देऊळ आणि चर्च एकाच रस्त्यावर आहेत, अशा गावांना तर तिची गरज आज जास्त आहे.

आधी वर पाहावे

बाजारातला चांद नीट पाहिला तर तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. डावीकडे फुगीर, उजवीकडे उघडी अशी कोर आणि तिच्या पोटात एक तारा. आपल्याकडे डावीकडून उजळलेली कोर दिसते ती चांद्रमहिना संपताना, पहाटे, पूर्वेला. रमजानची आणि ईदची कोर दिसते मावळतीला, सूर्य बुडाल्यानंतरचा थोडा वेळ. सध्या काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आहे. या दिवसांत महाराष्ट्रातून दिसणारी नवी कोर उभी नसते. ती पाठीवर रेललेली, होडीसारखी, दोन्ही टोके वर केलेली असते. आणि कोरीच्या पोटात तारा कधीच दिसू शकत नाही, कारण तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो.

चांदताऱ्याची ही जोडी उस्मानी तुर्कांच्या झेंड्यावरून दूरवर पसरली. धर्मग्रंथाने दिलेले ते चिन्ह नव्हे. चिन्ह म्हणून ते वापरायला कुणाची हरकत नसावी. पण ज्या महिन्याची सुरुवात आणि शेवट माणसांनी गच्चीवर उभे राहून, डोळ्यांनी चंद्र पाहून ठरतो, त्या महिन्यात चंद्र कसा असतो हे मुलांनी प्लास्टिकच्या तुकड्यावरून शिकावे, हे काही बरे नाही.

सजावटीची सर्वांत सोपी आणि जवळजवळ बिनखर्ची कल्पना इथूनच सुचते. खजुराच्या किंवा बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर वाटी उपडी ठेवून तीस गोल चकत्या आखायच्या आणि कापायच्या. त्यांना गडद निळा किंवा काळा रंग द्यायचा. रोज इफ्तारनंतर घरातल्या मुलाने गच्चीवर किंवा अंगणात जाऊन चंद्र पाहायचा आणि तो जेवढा उजळ दिसेल तेवढा पांढरा कागद एका चकतीवर चिकटवून ती दोऱ्यात ओवायची. पहिल्या रात्री नखाएवढी कोर, सात-आठव्या रात्री अर्धा चंद्र, चौदा-पंधराव्या रात्री पूर्ण. त्यानंतर चंद्र उशिरा उगवू लागतो. मग हीच पाहणी सहरीच्या वेळी करायची. अखेरच्या दिवसांत पहाटे पूर्वेला बारीक कोर दिसते आणि बाजारातल्या चांदाचा मूळ पत्ता मुलांना आपोआप सापडतो.

तिसावी चकती लागेल की एकोणतीसवरच माळ पुरी होईल, हे चांदरातीलाच कळते. एरवी सगळे आधी ठरलेल्या वेळापत्रकावर चालणाऱ्या मुलांना ही वाट पाहणेही शिकण्यासारखे आहे. शेजारच्या घरातले पोर या खटाटोपात सामील झाले तर त्यालाही शुक्ल आणि कृष्ण पक्ष पाठ करावे लागणार नाहीत. ते डोळ्यांसमोर माळेत लटकलेले असतील.

नमुन्यांची दुसरी खाण जुन्या इमारतींत आहे. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची संगमरवरी जाळी, विजापूरच्या इब्राहिम रोज्याच्या खिडक्या, अहमदाबादला १५७३ च्या सुमाराच्या सिदी सय्यद मशिदीतली झाडाच्या फांद्यांची जाळी. सहलीला गेलेल्या बऱ्याच कुटुंबांच्या फोनमध्ये असे फोटो असतातच. ते कागदावर उतरवायला चित्रकार असण्याची गरज नाही. चौकोनी कागद एकदा अर्धा दुमडायचा, पुन्हा अर्धा दुमडायचा, मग तिरका दुमडायचा आणि कडांना कात्रीने त्रिकोण, चंद्रकोर, पान असे छेद द्यायचे. उघडला की आठ बाजूंनी सारखी जाळी तयार. ती खिडकीच्या काचेला चिकटवली की संध्याकाळी आतल्या दिव्याने बाहेर नक्षी दिसते.

एकाच मापाचे दोन चौकोन घेऊन एक आडवा-उभा आणि दुसरा त्यावर तिरका चिकटवला की आठ टोकांचा तारा होतो. दोन त्रिकोण एकमेकांवर उलटे ठेवले की सहा टोकांचा. हा सहा टोकांचा तारा दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्यावर दगडात आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी दारांपुढे रोज रांगोळीत काढला जातो. भूमितीला धर्म विचारायची सवय अजून कुणी लावलेली नाही.

कंदील कैरोचा, कामट्या इथल्या

रमजानच्या कंदिलाची जगातली सर्वांत प्रसिद्ध परंपरा इजिप्तची. तिथे त्याला फानूस म्हणतात. फातिमी खलिफांच्या काळात, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, कैरोचे लोक कंदील घेऊन खलिफाच्या स्वागताला रस्त्यावर आले आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, अशी कथा तिथे सांगतात. कथेचे तपशील बदलतात, पण कैरोच्या जुन्या बाब जुवैला दरवाजाजवळच्या गल्ल्यांत पत्रा आणि रंगीत काच जोडून फानूस करणारे कारागीर आजही आहेत. मधल्या काळात चीनहून आलेल्या, गाणी वाजवणाऱ्या प्लास्टिकच्या फानूसांनी त्यांचा बाजार खाल्ला. अखेर २०१५ मध्ये इजिप्त सरकारने अशा लोककलेच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. आता त्याच प्लास्टिकच्या फानूसाची नक्कल आपल्या बाजारात ‘अरबी’ म्हणून विकली जाते. ज्यांची ती परंपरा, त्यांनाच जी नक्कल नकोशी झाली, ती इथे पैसे मोजून घरात आणण्यात कोणता दीनदारीचा भाग आहे?

महाराष्ट्राला कंदील बाहेरून आणावा लागत नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगी कागद, खाली झिरमिळ्या, हे काम इथल्या घराघरांत दर दिवाळीला होत आले आहे. हीच कामटी आणि हाच कागद मोहरममध्ये ताबुताला लागतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत पाहायला लांबून लोक जातात, आणि त्यांच्या मानात हिंदू घराणीही आहेत. संक्रांतीला येवल्याच्या आकाशात उडणारा पतंग काय, दिवाळीचा आकाशकंदील काय आणि मोहरमचा ताबूत काय, तिन्हींची विद्या एकच: हलका सांगाडा आणि ताणून बसवलेला कागद. बुरूड आळीतून कामटी आणणारा, मोहल्ल्यात बसून कागद कापणारा आणि वाण्याकडून सुतळी आणणारा, यांची जात-जमात निराळी असली तरी खळीचे भांडे सारखेच.

कागदाचाही इथला इतिहास जुना आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली. त्या काळाशी जवळच्या कागजीपुऱ्याची हातकागदाची परंपरा जोडली जाते. जुन्नरचा कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला जात असे. कागद करणाऱ्या या मुसलमान कारागिरांना ‘कागदी’ किंवा ‘कागजी’ म्हणत, आणि हे आडनाव अजून ऐकू येते. ज्या मातीत एवढे जुने कागदाचे कसब आहे, तिथे सणाला कागद सोडून प्लास्टिक टांगावे लागते, ही गोष्ट कागदाच्या टंचाईची नाही. हाताला आलेल्या आळसाची आहे.

माळ्यावर, शिलाई दुकानात, कारखान्यात

सामान कुठे मिळेल असे विचारणाऱ्याने आधी घराचा माळा उघडावा. संक्रांत होऊन फार दिवस झालेले नसतात. फाटलेले पतंग, उरलेले कागदाचे ताव आणि पतंगांच्या कामट्या तिथेच असतात. फाटक्या पतंगाच्या चांगल्या भागातून हातभर लांबीच्या पताका सहज निघतात. लग्नसराईत जमलेल्या पत्रिकांचा कागद जाड, लाल-सोनेरी आणि बेगडाचा असतो. तारे, कोरी, मशिदीच्या घुमटाचे आकार यांसाठी त्याच्याइतका चांगला कागद दुकानातही मिळत नाही.

रमजानात शिंप्याच्या दुकानाला मध्यरात्रीपर्यंत उसंत नसते. त्याच्या मशीनखाली रोज कातरणाचा ढीग पडतो. हिरव्या, निळ्या, गुलाबी चिंध्यांचे त्रिकोण कापून सुतळीवर टाके घातले की पावसापर्यंत टिकणारी आणि धुऊन पुढच्या वर्षी वापरता येणारी पताकांची माळ होते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन मिळतात. त्यांना सुईने किंवा दाभणाने भोके पाडून आत एलईडीच्या माळेचा एकेक दिवा बसवला की भिंतीवर ताऱ्यांचा सडा पडतो. सरबताची रिकामी काचेची बाटली स्वच्छ धुऊन तिच्यात तीच दिव्यांची माळ सोडली की दस्तरख्वानाजवळ ठेवायला दिवा झाला.

चिकटवण्यासाठी ट्यूब विकत आणायचे कारण नाही. एक वाटी मैदा आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, त्यात चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचे. ही खळ दोन दिवस सहज टिकते. कीड लागू नये म्हणून पुस्तके बांधणारे तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी असते, मुले काम करणार असतील तर अजिबात नको. थोडी थोडी ताजी खळ करणे बरे.

कंदिलासाठी फूटभर लांबीच्या सारख्या कामट्या घ्याव्यात. त्यांचे चार-चारचे दोन चौकोन बांधायचे आणि चार उभ्या कामट्यांनी ते एकमेकांना जोडायचे. सांध्याला दोरा आधी तिरका, मग उलटा तिरका गुंडाळला तर सांगाडा डुगडुगत नाही. कागद चिकटवताना फार ओला करू नये, आणि चिकटवल्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून सावलीत वाळू द्यावा. वाळताना तो आपोआप ताणून बसतो. एवढे कसब पंधरा मिनिटांत शिकवता येते आणि जन्मभर राहते.

कागदावर काय नको

मुसलमान घरांत एक जुनी शिस्त आहे. अल्लाहचे नाव किंवा आयत असलेला कागद पायदळी पडू द्यायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. तो वेगळा जपून ठेवायचा आणि अदबीने त्याची व्यवस्था लावायची. बाजारातल्या झालरींवर मात्र पवित्र मजकूर सर्रास छापलेला असतो. ईदनंतर दोन दिवसांनी तीच झालर गटारीजवळ सापडते. म्हणून हाताने पताका करतानाही त्यांवर असा मजकूर लिहू नये, आणि ज्यांत तो असू शकतो असे उर्दू-अरबी कागद कात्रीखाली घेऊ नयेत. फुले, वेली, जाळ्या, तारे, चंद्राच्या कला, एवढे पुरेसे आहे. शेजारच्या मुलांच्या मदतीने काम होणार असेल तर ही गोष्ट त्यांनाही समजावून सांगावी. कुणाच्या घरात कशाची अदब राखतात, हे कळण्याचा याहून सोपा प्रसंग नाही.

थर्माकोलचा मोह टाळावा. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. देशभरच्या त्या यादीत प्लास्टिकचे झेंडे आणि फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्याही आहेत. तरी त्या दुकानात मिळतात, म्हणून त्या घ्याव्यात असे होत नाही. रस्त्यावरच्या रोषणाईसाठी खांबावर आकडा टाकणे हा तर दुहेरी गुन्हा आहे, चोरीचा आणि जिवाशी खेळण्याचा. ज्या महिन्यात माणूस एकांतातही पाण्याचा घोट घेत नाही, त्या महिन्याची आरास चोरीच्या विजेवर उजळावी, यात कसली बरकत? कागदाच्या कंदिलात मेणबत्ती किंवा तापणारा जुना दिवा लावू नये. छोटा एलईडी पुरतो आणि वीजही कमी खातो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

काही बुजुर्ग म्हणतात, हे सारे फुकटचे नखरे आहेत. रमजान इबादतीचा महिना आहे, झालरींचा नाही. त्यांचे म्हणणे टाकून देण्यासारखे नाही. सजावट ही इबादत नव्हे आणि ती सवाबाचे काम समजून कुणी करू नये. पण हा आक्षेप खरा लागू पडतो तो हजारोंच्या रोषणाईला आणि गल्लीगल्लीतल्या चढाओढीला. तरावीह चुकवून मंडप उभारणाऱ्या पोरांना तो जरूर ऐकवावा. अस्र आणि मगरिबच्या मधल्या वेळात, भुकेची जाणीव सर्वांत जास्त असताना, मुले गप्पा मारत कागद कापत बसली तर त्यात इबादतीचे काही बिघडत नाही. उलट तो अखेरचा तास मोबाइलवर घालवण्यापेक्षा बरा जातो.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांच्या बाजूने येतो. सगळ्यांनी घरीच केले तर हातगाडीवाल्याने काय खावे? त्याचेही रमजानच्या कमाईवर घर चालते. हे खरेच आहे. पण तयार प्लास्टिकमधला मोठा वाटा गावाबाहेर, पुष्कळदा देशाबाहेर जातो. कामटी, कागद, सुतळी, दोरा, रंग हे घेतले तर पैसा बुरडाकडे, वाण्याकडे, कागदाच्या दुकानात राहतो. ज्याला स्वतःला जमत नाही त्याने गावातल्याच एखाद्या होतकरू पोराकडून कंदील करून घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. हातगाडीवरही हाताने केलेले कंदील विकता येतात. कुणी मागितले तर ते येतील.

तिसरी अडचण कुणी मोठ्याने बोलत नाही. हाताने करायचे म्हणजे कुणाच्या हाताने? सहरीला सर्वांत आधी उठणारी, इफ्तारची तळणी उपाशीपोटी सांभाळणारी आणि ईदच्या आठवड्यात घर धुऊन काढणारी बाईच जर कागदही कापत बसणार असेल, तर या स्वस्त सजावटीची किंमत तीच चुकवणार. म्हणून हे काम पुरुषांनी आणि मुलांनी घ्यावे. अस्रनंतर चौकात उभे राहून मगरिबची वाट पाहणाऱ्या हातांना कात्री आणि खळ द्यावी. बाईने फक्त नमुना सुचवावा. चांदरातीच्या मेंदीतली वेल तिच्याहून चांगली कुणाला येते?

खर्च आणि फित्रा

इस्लाममध्ये ‘इसराफ’ नावाची एक कल्पना आहे. इसराफ म्हणजे उधळपट्टी, गरजेपलीकडचा खर्च. तो अन्नाचाही निषिद्ध मानला आहे, मग झालरींचा तर निश्चितच. त्याच वेळी याच महिन्यात पैसा हातातून सोडायलाही सांगितले आहे. सधन माणूस जकात काढतो. ईदच्या नमाजाआधी, ज्याला शक्य आहे त्याने घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरल्या मापाचे धान्य किंवा त्याची किंमत फित्रा म्हणून गरिबाला द्यायची असते, ती ईदच्या दिवशी कुणाचे घर उपाशी राहू नये म्हणून. खर्चाची ही दोन्ही टोके लक्षात घेतली तर सजावटीचा हिशेब सोपा होतो. पताका कातरणाच्या केल्या तर वाचलेले पैसे कुठे जावेत, हे रमजानने आधीच सांगून ठेवले आहे.

याला आणखी एक बाजू आहे. गल्लीत एका घरावर रंग बदलणारे कंदील झळकतात, तेव्हा शेजारच्या रोजंदारीच्या घरातले पोर आपल्या दाराकडे पाहते. त्या बापाने उसनवारी करून झालर आणली तर सण महाग झाला, नाही आणली तर पोर हिरमुसले. सगळ्या गल्लीने एकत्र बसून कागदाच्या माळा केल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच माळ बांधली, तर कुणाचे दार श्रीमंत आणि कुणाचे गरीब हे माळेवरून कळत नाही. मशिदीत खांद्याला खांदा लावून जी बरोबरी रोज पाच वेळा दिसते, ती गल्लीतही थोडी दिसावी.

चंद्र एकच आहे

आता त्या दुसऱ्या कारणाविषयी. गेल्या काही वर्षांत लहान गावांतही सजावटीने एक वेगळे काम अंगावर घेतले आहे. ती हद्द दाखवते. इथून पुढे आमचे, तिथून मागे तुमचे, हे झेंड्यांच्या आणि फ्लेक्सच्या रंगांवरून कळते. एकाचा फ्लेक्स मोठा झाला की दुसऱ्याच्या सणाला त्याहून मोठा लागतो. पोलिसांना सणांच्या आधी शांतता समितीची बैठक घ्यावी लागते आणि तिच्यात बोलणे व्हावे लागते ते कमानी, झेंडे आणि स्पीकर यांचेच. विकत आणलेल्या वस्तूने ही स्पर्धा सोपी होते, कारण तिला फक्त पैसा लागतो. हाताच्या कामाला वेळ लागतो, बसायला जागा लागते, दोरा धरायला दुसरा माणूस लागतो. त्यामुळे शेजाऱ्याशी बोलणे भाग पडते.

योगायोगाने आकाशही याला अनुकूल आहे. गुढीपाडवा चैत्राच्या पहिल्या तिथीला आणि ईद शव्वालच्या पहिल्या तारखेला. दोन्ही महिने अमावास्येनंतर सुरू होतात. म्हणून २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला आली. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. त्याआधी २०२३ मध्ये ईद आणि अक्षय्य तृतीया २२ एप्रिल या एकाच दिवशी होती. अधिक महिन्याने ही जोडी काही वर्षे सुटते, पुढे दुसऱ्या सणाशी जुळते. एका दारात गुढीची काठी आणि शेजारच्या दारात कामटीचा कंदील, दोन्ही एकाच बुरडाकडून आलेले, दोन्ही एकाच चंद्राच्या हिशेबाने लावलेले. हे कुणी मुद्दाम घडवून आणलेले दृश्य नाही. दोन पंचांगे आपापल्या वाटेने जाताना ते आपोआप दिसते. ते पाहायचे की त्यावर फ्लेक्स टांगायचा, हे गावाने ठरवायचे.

गावाला यासाठी मोठे आयोजन लागत नाही. रमजानच्या एखाद्या रविवारी अस्रनंतर तास-दीड तास, शाळेचा व्हरांडा किंवा वाचनालयाची खोली उघडी ठेवावी. ज्याला आकाशकंदील बांधता येतो त्या काकांनी कामटी कशी वाकवायची ते दाखवावे, ज्याला ताबुताची कागदी नक्षी येते त्या चाचांनी कात्री कशी फिरवायची ते. ही दोन्ही माणसे बहुतेक गावांत अजून आहेत. ती साठीच्या पुढची आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्यामागे हे कसब राहील की नाही, हे येत्या पाच-दहा रमजान-दिवाळ्यांत ठरेल.

ईद झाली की कागद फाटलेला, उन्हाने विटलेला असेल. तो काढून टाकावा. सांगाडा मात्र मोडू नये. चार कामट्यांचा तो चौकोन माळ्यावर जागा अडवत नाही. आश्विन संपत आला की तो खाली काढावा, शेजारच्या घरी द्यावा आणि नवा कागद त्यांच्या आवडीच्या रंगाचा लावावा. पुढच्या रमजानला तो परत मागून घेता येईल.